थरमधलं पाणी आणि ह्यांची साठी

साठीला आपल्याकडे उग्ररथशांत करतात. प्रभवापासून क्षयापर्यंत साठ संवत्सरं उलटून जन्माच्या वेळचं संवत्सर पुन्हा येतं, म्हणजे माणसाचा एक फेरा पुरा झाला. मग होम, साठ दिव्यांचं औक्षण, आणि हल्ली हॉल, फेटे, ड्रोनवाला फोटोग्राफर. ह्यांनी दिवाळीतच या सगळ्याला नकार दिला आणि जैसलमेरला जायचं म्हणून सांगितलं. मुलाला वाटलं, उंटावरचे फोटो हवे असतील. हे म्हणाले, "आयुष्यभर पाणी अडवलं, मोजलं, सोडलं. जिथं अडवायलाच नाही तिथं लोक काय करतात ते बघायचंय."

हे जलसंपदा खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. घरात त्या खात्याला आम्ही अजून पाटबंधारेच म्हणतो. नोकरीची बहुतेक वर्षं उजनीच्या कालव्यांवर गेली. आम्ही सोलापूरचे, टँकर, चारा छावण्या आणि चार-पाच दिवसांआड येणारा नळ यांच्या जोरावर दुष्काळातलं आम्हाला सगळं कळतं असा आमचा समज असतो. जोधपूरहून गाडी निघाली तेव्हा ह्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की जैसलमेरला वर्षाचा सरासरी पाऊस दीडशे ते दोनशे मिलिमीटर, आणि आपल्याकडे त्याच्या तिपटीच्या आसपास. पुढचा सगळा रस्ता मी ही तिप्पट डोक्यात ठेवून पाहिला.

वाळवंट म्हटल्यावर वाळूच्या टेकड्या दिसतील या आशेने मी खिडकीला चिकटून बसले होते. तास गेला, दोन तास गेले, टेकडी नाही. भुरकट सपाट माळ, काट्यांच्या कुंपणाची शेतं, मेंढ्या, रुईची झुडपं, आणि दर थोड्या अंतरावर एक मध्यम उंचीचं, वरून छाटल्यासारखं दिसणारं झाड. ते खेजडी, म्हणजे आपली शमी. आपण दसऱ्याला जिची पूजा करून वर्षभर विसरतो, ती इथं सगळा संसार ओढते. पाला शेळ्यांना, शेंगा माणसांना, फांद्या चुलीला. आणि तिच्या सावलीत बाजरी खुरटत नाही, उलट जोमाने येते, म्हणून शेतकरी ती शेताच्या मधोमध राहू देतो. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडलीत ही झाडं राजाच्या माणसांना तोडू देणार नाही म्हणून अमृतादेवीसह ३६३ बिश्नोई मारले गेले. चिपकोच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आम्हाला शाळेत कुणी सांगितली नव्हती. जगातलं सर्वांत दाट वस्तीचं वाळवंट म्हणून थर ओळखलं जातं. या झाडाशिवाय ती वस्ती टिकली असती असं मला वाटत नाही.

फलोदी आलं. १९ मे २०१६ रोजी इथं ५१ अंश तापमान नोंदलं गेलं. देशातला तो उच्चांक. आम्ही मात्र जानेवारीच्या शेवटी, स्वेटर घालून, चहाचा पेला दोन्ही हातांत धरून उभे होतो. या गावाची दुसरी ख्याती सट्ट्याची. निवडणूक कुठलीही असो, वाहिन्या फलोदीचा भाव सांगतात. पूर्वी इथं पाऊस येणार की नाही यावरही पैसे लागत, असं चहावाल्याने सांगितलं, आणि ते मला निवडणुकीपेक्षा जास्त समजण्यासारखं वाटलं.

फलोदीला लागून खीचन आहे. पहाटे एका घराच्या गच्चीवर बसलो. आधी आवाज आला, मग उत्तरेकडून रांगा आल्या, आणि अर्ध्या तासात गावाबाहेरच्या कुंपणातल्या मोकळ्या जागेवर राखाडी पक्ष्यांची नुसती गर्दी झाली. हे कुरजा, आपल्याकडचे कांड्या करकोचे, उजनीच्या फुगवट्यावरही कधीमधी दिसणारे. मंगोलिया आणि मध्य आशियातून हिमालय ओलांडून ते येतात. इथल्या जैन कुटुंबांनी १९७० च्या दशकात त्यांना दाणे टाकायला सुरुवात केली तेव्हा पक्षी शेकड्यांत होते. आता हिवाळ्यात हजारोंनी येतात. त्यांच्यासाठी चुग्गाघर बांधलंय, ज्वारीची पोती रिकामी होतात, आणि त्याचा खर्च व्यापारासाठी दूरदूरच्या शहरांत गेलेली खीचनची माणसं देणग्यांतून उचलतात. त्यांच्या तांबड्या दगडाच्या हवेल्यांना कुलपं आहेत, पण पक्ष्यांचा रतीब चुकत नाही. दाणे खाऊन झाले की थवे गावच्या तळ्यांवर पाणी प्यायला जातात. जून २०२५ मध्ये खीचनला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तळं म्हणजे काय, तर आजूबाजूच्या कठीण जमिनीवरून वाहून येणारं पाणी धरणारा खोलगट भाग. हे त्याच्या काठाकाठाने बराच वेळ हिंडले आणि म्हणाले, "पाणलोटात एक घर नाही बघ. आपल्याकडे तळ्यातसुद्धा प्लॉट पडतात."

इथून उत्तरेला भडला. १४ हजार एकरांवर पसरलेला, २,२४५ मेगावॅटचा सौर प्रकल्प. रस्त्यावरून पाहिलं की दूरवर निळं तळं असल्याचा भास होतो, आणि ती सगळी काच असते. काचेवर वाळू बसते आणि ती धुवायला पाणी नाही, म्हणून कोरडे ब्रश फिरवणारी यंत्रं रात्री पुसत जातात. पाण्याशिवाय भांडी घासण्याची रीत इथं पिढ्यान् पिढ्यांची आहे, राखेने आणि वाळूने; यंत्रांनी ती उशिरा उचलली इतकंच.

रामदेवरा वाटेवर लागतं. रामदेव पीर हे राजपूत कुळातले संत, हिंदूंचे बाबा आणि मुसलमानांचे रामसा पीर. भाविक त्यांना कापडाचे घोडे वाहतात. दुकानांतून मुठीएवढ्यापासून पुरुषभर उंचीपर्यंतचे घोडे रांगेने उभे असतात. आताचं मंदिर बिकानेरच्या महाराजा गंगासिंहांनी १९३१ मध्ये बांधलं. याच गंगासिंहांनी १९२७ साली सतलजचं पाणी कालव्याने आपल्या संस्थानात आणलं होतं, त्यामुळे ह्यांनी देवाआधी त्यांना नमस्कार केला असावा. पुढचं पोखरण आम्ही झटपट उरकलं. १९७४ आणि १९९८ च्या अणुचाचण्या इथल्या वाळूखाली झाल्या, दोन्ही वेळा आपले अनिल काकोडकर त्या चमूत होते, पण पाहण्यासारखं तिथं काही नाही, आणि ते बरंच आहे. गाव आपलं मातीच्या भांड्यांत आणि चमचममध्ये रमलेलं असतं.

जैसलमेर लांबूनच दिसतं. सपाट माळावर त्रिकूट टेकडी, तिच्यावर ९९ बुरुजांचा किल्ला, आणि दगड असा पिवळा की संध्याकाळी सगळं गाव हळदीला बसल्यासारखं वाटतं. ११५६ मध्ये रावळ जैसलने लोद्रव्याची जुनी राजधानी सोडून इथं किल्ला बांधायला घेतला. सत्यजित राय यांनी १९७४ मध्ये ‘सोनार केल्ला’ चित्रपट केला, तेव्हापासून बंगाली माणूस इथं जवळजवळ यात्रेला येतो. किल्ल्यातले दुकानदार आम्हाला आधी बंगालीत हाक मारत होते, मग गुजरातीत, आणि शेवटी हार मानून हिंदीत.

या किल्ल्यात आजही काही हजार माणसं राहतात. बाळंत्याच्या दोऱ्या, गायी, शाळेत निघालेली मुलं, जैन मंदिरं, सगळं तटाच्या आत. मला कौतुक वाटत होतं, पण ह्यांची नजर तटाच्या पायथ्याच्या ओलीवर. किल्ल्याला शत्रूने जेवढं नुकसान केलं नाही तेवढं नळाने केलं, ही इथली मोठी गंमत, किंवा शोकांतिका म्हणा. टेकडीच्या पोटात मऊ, चिकणमातीसारखे थर आहेत. घागरीने पाणी वर चढायचं तेव्हा माणशी वापर थोडा, सांडपाणी जवळजवळ नाही. मग नळ आले, गटारं आली, हॉटेलांची न्हाणीघरं आली. गळणारं पाणी टेकडीत मुरत गेलं, थर सुटले, बुरूज आणि भिंती ढासळल्या. १९९६ मध्ये जागतिक स्मारक निधीने धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत याचं नाव घातलं. नंतर डागडुजी झाली, गटारं सुधारली, २०१३ मध्ये राजस्थानच्या इतर डोंगरी किल्ल्यांबरोबर युनेस्कोचा वारसा दर्जाही मिळाला. तरी ओल दिसतेच. हॉटेलच्या गच्चीवर परदेशी पाहुण्यांसाठी कारंजं चालू होतं. ह्यांनी तिथं चहा घ्यायला नकार दिला.

हवेल्या पाहताना प्रश्न पडतो, एवढा पैसा इथं आला कुठून? पटव्यांची पहिली हवेली १८०५ च्या सुमाराची. दगड लाकडासारखा कोरलाय, आणि जोड चुन्याचे नाहीत; खाचा पाडून, लोखंडी पट्ट्यांनी दगडात दगड अडकवलेत, कारण चुना मळायलासुद्धा पाणी लागतं. पैसा उंटांनी आणला. सिंधकडून येणारे आणि दिल्ली-गुजरातकडे जाणारे तांडे या गावावरून जात. अफू, रेशीम, सुका मेवा, सगळ्यावर जकात. मग मुंबई बंदर वाढलं, रेल्वे आली, आणि माल समुद्रावरून जायला लागला. आपल्या मुंबईच्या भरभराटीची एक बाजू जैसलमेरच्या ओसाडीत आहे, हे मला इथं येईपर्यंत ठाऊक नव्हतं. १९४७ ला सिंधचा रस्ताच बंद झाला. गावाचा जीव परत आला तो १९६५ च्या युद्धानंतर, लष्करासाठी रस्ते आणि रूळ आले तेव्हा. आणि त्याच रुळांवरून पुढे आमच्यासारखे आले.

गडीसर हे शहराचं जुनं तळं, चौदाव्या शतकात महारावळ घडसीने नव्याने बांधून घेतलेलं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अख्खं शहर यावर जगलं. काठावर छत्र्या, घाट, आणि तिलोंची पोळ नावाची देखणी कमान. ती एका गणिकेने बांधली म्हणून राजघराणं तिच्याखालून जायला तयार नव्हतं आणि पाडूनच टाकणार होतं. तिने वर कृष्णाचं मंदिर बसवलं, मग कुणाचा हात धजेना, अशी कथा. आता तळ्यात कालव्याचं पाणी येतं आणि हंसाच्या आकाराच्या होड्या फिरतात.

दुसऱ्या दिवशी कुलधरा. जिकडे तिकडे भुताखेतांच्या नावाने हे गाव विकलं जातं. पालीवाल ब्राह्मणांच्या ८४ गावांपैकी हे एक. दिवाण सालिमसिंहाची नजर गावातल्या मुलीवर पडली आणि एका रात्रीत सगळे शाप देऊन निघून गेले, असं वाटाडे सांगतात. निघून गेले हे खरं, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. पण विहिरी आटत चालल्या होत्या, कर वाढत होते. भूकंपाचीही शक्यता काही अभ्यासकांनी मांडली आहे. शापापेक्षा सारा माणसाला लवकर गाव सोडायला लावतो. रांगेत बांधलेली छप्परहीन घरं, सरळ गल्ल्या, मधोमध मंदिर. भुतं मला दिसली नाहीत, मोबाईल उंच धरलेली मुलं पुष्कळ दिसली.

ह्यांना मात्र पालीवालांच्या शापात नाही, त्यांच्या खडीनमध्ये रस होता. कुलधऱ्याच्या पलीकडे खाभ्याच्या बाजूला आम्ही गेलो, आणि भकास खडकाळ माळावर एकदम हिरवं शेत समोर आलं. गहू पोटरीला आलेला, शेजारी हरभरा. विहीर नाही, पंप नाही, पाट नाही. मी विचारलं, "पाणी कुठलं?" शेतावरच्या म्हाताऱ्याने आकाशाकडे नाही, जमिनीकडे बोट केलं. "ऑगस्टचं आहे, बाईसा."

खडीन म्हणजे असं: खडकाळ उताराच्या तळाशी मातीचा लांबलचक, बुटका बांध घालायचा. एकदोनच मोठे पाऊस पडतात, पण खडकावरून पाणी धावत येतं आणि बांधाच्या आत साचतं. ते उपसायचं नाही, साठवायचंही नाही. जमिनीत मुरू द्यायचं. जास्त झालं तर दगडी सांडव्यावरून पुढच्या खडीनमध्ये. सोबत गाळही येतो, त्याने शेत दरवर्षी नवं होतं. पाणी ओसरलं की ओलीवर रब्बी पेरायची, आणि पुन्हा एक थेंबही न देता पीक घ्यायचं. एक एकर शेताला दहा-पंधरा एकर ओसाड माळ लागतो. म्हणजे आपण ज्याला पडीक म्हणून सातबाऱ्यावर नोंदवतो, तो इथं शेताचा भाग आहे. पालीवालांनी पंधराव्या शतकापासून ही पद्धत वाढवली, जमीन संस्थानची आणि संस्थानला पिकाचा हिस्सा. पालीवाल गेले, त्यांची खडीनं आता दुसरे लोक कसतात, आणि ती चालतात.

हे बांधावर चढले, पावलांनी लांबी मोजली, सांडव्याच्या दगडावर बसून पाणी किती उंच चढत असेल त्याची खूण शोधली. आपल्याकडे पांझरेवरच्या फड पद्धतीत वाहत्या पाण्याची वाटणी आहे. इथं वाहणंच वर्षातून दोन-चार तासांचं. "हे डिझाइन मला कुणी मंजूर करून दिलं नसतं," असं म्हणून ते जरा गप्प झाले. मी म्हाताऱ्याकडून हरभऱ्याचे डहाळे घेतले.

साठीचा दिवस आम्ही खुहडी गावी काढला. समच्या टेकड्यांवर जीपगाड्यांच्या घिरट्या आणि डीजे. खुहडी अजून त्या मानाने शांत. इथं एकदाची ती वाळू भेटली, वाऱ्याने रेघा ओढलेली, दिवसभर तापून सूर्य बुडताच हाताला गार लागणारी. जेवणात बाजरीचा सोगरा, कढी, आणि केर-सांगरी. केर हे काटेरी झुडपाचं फळ, सांगरी खेजडीची शेंग. दोन्ही वाळवून ठेवतात, वर्ष-दोन वर्षं टिकतात. भाजी पाण्यात नाही, ताकात आणि तुपात शिजते. पाहुण्याला तूप वाढताना हात सैल आणि पाणी देताना जपून, हा हिशोब मी पहिल्यांदाच पाहिला. गोड म्हणून जैसलमेरचे घोटुवा लाडू मी आधीच घेऊन ठेवले होते. केक नव्हता, म्हणून मेणबत्तीही नव्हती.

मग मांगणियार आले. म्हातारे वडील कमायचा घेऊन, दोन मुलगे ढोलक आणि खडताल घेऊन. हे मुसलमान गायक. त्यांचे यजमान पिढ्यान् पिढ्या राजपूत आणि इतर हिंदू घरं. यजमानाच्या घरी बाळ जन्मलं, लग्न झालं, की यांनी गायचं, आणि त्या कुळाची वंशावळ तोंडपाठ ठेवायची. त्याबदल्यात धान्य, शेळ्या, उंट. लोकसंगीताचे अभ्यासक कोमल कोठारींनी १९६० च्या दशकापासून या गायकांना वाळूतून मंचावर आणलं. हमीरा गावच्या साकर खान यांना कमायच्यासाठी २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. कमायच्याचा आवाज सारंगीपेक्षा जाड, थोडा खरखरीत, घशातून आल्यासारखा.

साठीचं कळल्यावर म्हाताऱ्याने कमायचा खाली ठेवला आणि ह्यांना विचारलं, "वडिलांचं नाव? आजोबांचं? पणजोबांचं?" यजमानाला शुभराज म्हणताना पूर्वजांची नावं गुंफावी लागतात. ह्यांना पणजोबांपर्यंत सांगता आलं, त्यापुढे गाडी अडली. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर दया स्पष्ट दिसली. त्याला आपल्या यजमानांच्या कितीतरी जास्त पिढ्या पाठ होत्या. तरी त्याने त्या तीन नावांवर, बार्शी तालुक्यातल्या एका कोरडवाहू शेतकऱ्याच्या कुळाचा असा काही गौरव गायला की आमच्या पणजोबांनी जैसलमेरच्या तटावर लढाई केली असावी. हे साठ दिव्यांना लाजले असते त्याहून जास्त लाजले. अमावास्या जवळ होती, आकाश ताऱ्यांनी खच्चून भरलेलं. रात्री थंडीने दात वाजले.

परतीच्या वाटेवर राष्ट्रीय मरू उद्यानाची हद्द. ३,१६२ चौरस किलोमीटर, आणि त्यात आमच्या ओळखीचा एक पक्षी: गोडावण, म्हणजे माळढोक. सोलापूरच्या माणसाला माळढोक म्हणजे घरचा विषय. नान्नजचं अभयारण्य १९७९ मध्ये झालं, कागदावर आठ हजार चौरस किलोमीटरहून मोठं. त्यापायी जमिनींच्या व्यवहारांवर बंधनं आली, लोक वैतागले, हद्द कमी झाली, आणि पक्षी आता तिथं दिसला तर बातमी होते. देशात उरलेले दीडशेच्या आसपास, बहुतेक सगळे इथंच. सम आणि रामदेवऱ्याच्या केंद्रांत अंडी उबवून पिल्लं वाढवतात; ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. बाहेर मात्र पवनचक्क्या, सौरपट्ट्या आणि त्यांच्या विजेच्या तारा. या जड पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, तार दिसेपर्यंत उशीर होतो. तारा जमिनीखालून न्याव्यात असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं, २०२४ मध्ये ते शिथिल केलं. देवीच्या नावाने राखलेली ओरणं, आपल्याकडच्या देवरायांसारखी, तीही महसुली कागदांत पडीक म्हणून नोंदली गेली की प्रकल्पाला मोकळी होतात. हरित वीज हवी हे मलाही मान्य आहे, पण जिला गिळून ती येते ती जमीन रिकामी आहे असं कुणी सांगितलं तर खडीनचा तो माळ दाखवावा. आम्हाला गोडावण दिसला नाही. चिंकारा दिसले, भरपूर.

रामगढच्या रस्त्यावर एका ढाणीपाशी, म्हणजे लहानशा वस्तीपाशी, आम्ही थांबलो, तिथं ह्यांनी ज्याच्यासाठी एवढा प्रवास केला होता ते होतं: बेरी. दिसायला काहीच नाही. वाळूत कमरेएवढे दगडी कठडे, तोंडं इतकी अरुंद की मोठी घागर जेमतेम जाईल, वर लाकडी झाकण आणि चक्क कुलूप.

इथल्या जमिनीखाली खूप खोल पाणी आहे, पण खारं. वाळू आणि ते खारं पाणी यांच्या मध्ये काही पट्ट्यांत खडूसारख्या दगडाचा, म्हणजे जिप्समचा थर आहे. पावसाचं पाणी वाळूत झिरपतं, या थरावर अडतं, आणि खाऱ्याला मिळत नाही. ते तळ्यासारखं साचतही नाही. वाळूत ओल बनून राहतं. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या भेगांतून सगळी ओल उडून जाते. वाळूचे कण एकमेकांना चिकटत नाहीत, म्हणून भेग पडत नाही, म्हणून ओल टिकते. बेरी ही त्या ओलीत खणलेली तीस ते साठ हात खोल नळी. तिच्या भिंतींतून थेंब थेंब पाझरतो आणि दिवसभरात दोन-तीन घागरी जमतात. तोंड अरुंद, कारण रुंद केलं तर थेंब पसरतील आणि उडून जातील.

खणणं जोखमीचं. एवढ्या अरुंद जागेत कुदळ चालत नाही, आखूड दांड्याच्या बसौलीने खणतात. डोक्यावर धातूचं भांडं उपडं घालतात, कारण वरून मूठ मूठ वाळू फेकत राहावी लागते, तिच्याबरोबर ताजी हवा खाली जाते. वाळू ढासळू नये म्हणून खींप गवताच्या जाड दोराचे वेढे एकावर एक बसवत जातात. अनुपम मिश्रांनी ‘राजस्थान की रजत बूंदें’ या पुस्तकात १९९५ मध्ये हे सगळं लिहून ठेवलं, आणि ते पुस्तक आमच्या घरी वर्षानुवर्षं धरणांच्या फायलींखाली पडून होतं.

बेरी घराची, जमीन गावाची. प्रत्येक नवी बेरी शेजारच्यांच्या ओलीतला वाटा घेणार, म्हणून गावाच्या संमतीशिवाय खणता येत नाही. ढाणीतल्या बाबांनी कुलूप काढलं, चडसी, म्हणजे चामड्याची लहानशी मोट, सोडली. ती वर यायला वेळ लागला. पाणी गार आणि गोड; खरंच गोड. ह्यांनी एक पेला घेतला आणि दुसरा नको म्हणाले. शेजारी सरकारी नळाची तोटी होती. "येतं ना पाणी तिला?" बाबा म्हणाले, येतं, कधी येतं, कधी नाही. ढोरांना ते, आम्हाला हे.

तनोट पुढे सीमेपाशी. आवड माता, हिंगलाजेचं रूप. आमच्या सोलापुरातल्या भावसारांची कुलस्वामिनी हिंगलाजच, तिचं मूळ ठाणं आता बलुचिस्तानात. १९६५ मध्ये या आवारात पडलेले तोफगोळे फुटले नाहीत आणि ते देवळात मांडून ठेवलेत. पूजा सीमा सुरक्षा दलाचे जवान करतात. लोंगेवालाला ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंह चांदपुरींच्या सुमारे १२० जवानांनी रणगाडे रोखून धरले आणि उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर विमानं आली. वाळूत रुतलेले रणगाडे अजून आहेत. पर्यटक त्यांच्यावर चढून चित्रपटातली वाक्यं म्हणतात.

शेवटी मोहनगढ, इंदिरा गांधी कालव्याचा शेवट. पंजाबात हरिकेपाशी सतलज आणि बियास मिळतात, तिथून निघून ६४९ किलोमीटर येतो. बिकानेरचे अभियंता कंवर सेन यांनी १९४८ मध्ये कल्पना मांडली, १९५८ ला काम सुरू झालं. ह्यांच्यासाठी हे तीर्थक्षेत्र. वाळूच्या कडेला मोहरी, जिरं, इसबगोल, हिरवे पट्टे दूरवर. पण खाली जिप्समचा थर, वरून भरमसाट पाणी. मग कितीतरी जमिनी चिबडल्या, क्षार वर आले, नव्वदच्या दशकात मलेरिया पसरला. डिसेंबर २०२४ मध्ये इथल्याच एका शेतात बोअर घेताना जमीन खचून यंत्रासकट ट्रक आत गेला आणि खालून पाण्याचा लोंढा दोनेक दिवस वाहत राहिला. सरस्वती प्रकटली म्हणून लोक बघायला धावले.

कालव्याच्या पुलावर एका शेतकऱ्याशी बोलणं निघालं. पंचवीस बिघ्यांचा त्याचा मुरब्बा, वारीवर, म्हणजे पाळीपाळीने, पाणी. हे कोण ते कळल्यावर त्याने चहा मागवला आणि गाऱ्हाणं मांडलं: टेलला पाणी पोचत नाही. हे हसले, त्यांच्या नोकरीत हे वाक्य त्यांनी मोहोळपासून मंगळवेढ्यापर्यंत ऐकलं होतं. वरच्या शेतकऱ्याने आपल्या मोग्याचं, म्हणजे शेताकडे पाणी सोडणाऱ्या मोरीचं, तोंड गुपचूप मोठं केलंय असा या माणसाचा संशय होता. दोघं चारीच्या कडेने तिकडे गेले. मी पुलावर शेंगा सोलत बसले. ह्यांनी गुडघ्यावर बसून, खिशातली टेप काढून मोग्याचं तोंड मोजलं, दोनदा मोजलं. केलं होतं मोठं.